उंबरठ्यापर्यंत झाडलेलं अंगण

१

पेरुथ नाब्बोसा एक्स-रे काढायची त्याच पद्धतीनं घर शोधायला निघाली. एका बाजूनं काढलेल्या फिल्मवर तिचा कधीच भरवसा नसे. कुठं सावली दिसली तर माणसाला वळवायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा फिल्म काढायची, आणि मगच डॉक्टरांशी बोलायचं. मिशनच्या इस्पितळात एकवीस वर्षं तिनं हेच केलं होतं. वस्त्यांच्या बाबतीतही तिचं मत तसंच होतं. कंपालातली कुठलीही वस्ती रविवारी दुपारी चांगलीच दिसते. ती खरी कशी आहे हे कळायला कामाच्या दिवशी सकाळी तिथं जाऊन उभं राहावं लागतं, आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर.

म्हणून प्रत्येक वस्तीला तीन फेऱ्या. एक वही केली होती तिनं, शाळेच्या पोरींसारखी, निळ्या पुठ्ठ्याची.

घाई तर होतीच. ब्वायसेतल्या भाड्याच्या घराचा मालक तिथं दुकानं बांधणार होता, आणि ऑगस्टपर्यंत जागा मोकळी करा म्हणाला होता. त्यानं सांगितलं नसतं तरी ते घर सोडायचंच होतं. ती सगळी वस्ती खोलगट, वरच्या टेकड्यांचं पाणी येऊन तिथंच साचायचं. दोन वर्षांत तीनदा पाणी गुडघ्यापर्यंत घरात शिरलं. तिसऱ्या खेपेला पेरुथ इस्पितळात होती, आणि तिची आई एसेझा पलंगावर पाय वर घेऊन चार तास एकटी बसली होती. शहात्तर वर्षांची बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन होऊनही उजेड-अंधारापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं. पाणी किती चढलंय हे ती हातातली काठी खाली सोडून मोजत होती.

"मला खोल्या किती ते नको सांगूस," एसेझा म्हणायची. "अंगण आहे का तेवढं सांग."

"अंगण कशाला? झाडणार आहेस तू? गुडघे बघ आधी."

"नाही झाडणार. बसून बघीन."

"दिसतं का तुला?"

"माती बघायला डोळे लागत नाहीत गं," आई म्हणायची, आणि विषय संपायचा.

मसाकाकडच्या गावात तिनं साठ वर्षं अंगण झाडलं होतं. उजाडलं की कमरेत वाकून, आखूड खराट्यानं. शहरात आल्यापासून तिच्या पायाखाली सिमेंट होतं.

वहीत एकेक पान भरत गेलं. किऱ्यात धूळ इतकी, की दोरीवर पांढरे कपडे वाळत घातले की ते लाल होऊनच घरात यायचे. नजेऱ्यात घर उत्तम, पण शेजारीच प्रार्थनेचा तंबू, आणि त्याचे दोन भोंगे झोपायच्या खोलीकडे तोंड करून. किसासीत नळाला चार दिवसांनी पाणी. तिथली बाई म्हणाली, "पण आलं की भरपूर येतं हं!" मुयेंग्याहून सरोवर दिसतं, म्हणून तिथं नुसतं उभं राहायलाही परवडत नव्हतं.

हे सगळं दाखवणारा दलाल होता काटेन्डे. गोल पोटाचा, घामट, तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. त्याच्या मते कंपालातली कुठलीही जागा कुठल्याही जागेपासून वीस मिनिटांवर होती.

"न्याबो, बाईसाहेब," जूनच्या सुरुवातीला तो हात जोडल्यासारखं करत म्हणाला, "एवढ्यात तर लोक लग्न जमवून बारसंसुद्धा करतात. नाकासोझी बघा. तिथं तुम्हाला नाव ठेवायला काही सापडलं, तर मी हा धंदा सोडून रताळी लावतो."

२

नाकासोझी ही शहराच्या ईशान्येला एक बुटकी टेकडी. रस्ता बरा, वर पाण्याची टाकी, एका बसनं थेट इस्पितळ. पेरुथला आवडली. टेकडीवर गोंगाट नव्हता, पण सुनसानही नव्हतं. कुठं कोंबडं ओरडत होतं, कुणी लोखंडी कढई घासत होतं, एका घरात रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

घर टेकडीच्या मध्यावर होतं. पत्र्याचं हिरवं छप्पर, चार खोल्या, पुढं आंब्याचं एक झाड. आणि अंगण. लाल मातीचं, रुंद, आणि इतकं स्वच्छ झाडलेलं की फाटक उघडून पाऊल टाकायला पेरुथ क्षणभर थांबली. खराट्याच्या रेघा कमानी-कमानींनी उमटल्या होत्या, एकावर एक, विणकामासारख्या.

"घर किती दिवस बंद आहे?"

"दोन वर्षं. मालक परदेशात असतो."

"मग झाडतं कोण?"

"वस्तीच्या चेअरमननं ठेवली असेल कुणी बाई," काटेन्डे म्हणाला. "बघा, अशी वस्ती. बंद घराचंसुद्धा अंगण झाडतात. तुमच्या ब्वायसेत उघड्या घराचं कुणी झाडत नाही."

दाराचं कुलूप गंजलं होतं. काटेन्डेनं किल्ली घातली, फिरवली, काढली, तिच्यावर तेल ओतलं, आईवरून दोन शिव्या हासडल्या, आणि दहा मिनिटांनी ते उघडलं. आत फरशीवर धुळीचा जाड थर. त्यावर पावलं नव्हती. पेरुथनं खोल्या बघितल्या, खिडक्यांच्या कड्या ओढून बघितल्या, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मागचं दार आतून कडी लावलेलं, कडीवर कोळ्याचं जाळं. एका आतल्या खोलीला बाहेरून अडसर होता. काटेन्डे म्हणाला, ती अडगळीची. अडसर काढायला गेला तर तो हलेना. पुढच्या वेळी बघू, असं ठरलं.

घरी आल्यावर वहीत सगळं लिहिलं. पाणी, रस्ता, शेजार, भिंती. सगळीकडं बरोबरची खूण. मग पेन थांबलं.

काहीतरी चुकलं होतं. काय, ते समजायला तिला जेवण होईपर्यंत वेळ लागला. खराट्यानं झाडणारी बाई मागं मागं सरकत झाडते. स्वतःच्या पावलांचे ठसे स्वतःच पुसत जाते, आणि शेवटी अंगणाबाहेर पडते, फाटकातून नाहीतर कुंपणाच्या फटीतून. नाकासोझीच्या अंगणातल्या रेघा फाटकापाशी सुरू होत होत्या. आणि घराच्या उंबरठ्याला टेकून संपत होत्या. म्हणजे झाडणारी मागं सरकत सरकत दारात पोचली होती. दाराला गंजलेलं कुलूप होतं, आणि आत धुळीवर पाऊल नव्हतं.

ओट्यावरून बाजूला उतरली असेल, पेरुथनं स्वतःला सांगितलं. भिंतीच्या कडेनं दगड होते, त्यावरून गेली असेल. तिनं वहीत तसंच लिहिलं: 'कडेचे दगड.' आणि दिवा मालवला.

३

दुसरी फेरी पावसानंतरची. बुधवारी पहाटेपासून कोसळत होता तो सकाळी सातला थांबला, आणि आठला पेरुथ टेकडीवर होती. काटेन्डेला बोलावलं नव्हतं, फाटकाला नुसता आकडा होता.

पाऊस थांबून जेमतेम तास झाला होता. सगळ्या टेकडीवरची माती थेंबांनी खड्डे पडून देवीच्या वणांसारखी झाली होती. या अंगणात रेघा होत्या. ओल्या, ताज्या, कडा अजून न ढासळलेल्या. आंब्याचं एक पान अंगणात नव्हतं. फाटकाबाहेर मात्र पानांचा खच पडला होता.

तिनं कडेचे दगड बघितले. ते शेवाळलेले होते, आणि शेवाळावर कुणाचा पाय पडला नव्हता.

कुंपणापलीकडे शेजारीण पायरीवर बसून मटोकेची हिरवी केळी सोलत होती. चाकू थांबवून ती म्हणाली, "घर बघायला का?"

"हो. इथं झाडायला कोण येतं हो?"

"आम्हाला वाटतं मालक कुणाला तरी पाठवतो."

"तुम्ही कधी बघितलंय तिला?"

"बाई, माझ्या नवऱ्याला बावीस वर्षांत कधी खराटा हातात धरलेलं बघितलं नाही. दुसऱ्याच्या अंगणात कोण वाकतंय ते बघायला वेळ कुणाला?" ती हसली, पण केळं सोलताना साल जरा जाडच निघत होती. मग आपणहून म्हणाली, "आवाज येतो. खर्र, खर्र. बरं वाटतं खरं सांगू का. घड्याळ लागत नाही."

"किती वाजता?"

शेजारणीनं विचार केला. "आपण ऐकतो तेव्हा," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं आपल्याला कळलं नाही अशा चेहऱ्यानं आत निघून गेली.

कंपालात घर घ्यायचं तर वस्तीच्या चेअरमनला भेटल्यावाचून काही होत नाही. त्याचं पत्र लागतं, त्याचा शिक्का लागतो. नाकासोझीचा चेअरमन मुकीबी हा खिळे-पत्र्याच्या दुकानाबाहेर फणसाखाली मोठी वही घेऊन बसायचा. त्यानं पेरुथचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला.

"वस्ती कशी आहे?"

"चोर नाहीत. भांडणं आहेत, पण ती नवरा-बायकोची. पाणी आहे."

"आणि त्या घरात झाडतं कोण?"

मुकीबी पेनाचं टोपण शोधू लागला. ते पेनालाच होतं. "झाडतात," तो म्हणाला.

"कोण?"

"न्याबो, आमच्या इथं सगळ्यांचीच अंगणं झाडलेली असतात." मग त्यानं विचारलं, "घरात माणसं किती तुमच्या?"

"दोघी. मी आणि आई."

"तुम्ही नोकरीवर. म्हणजे आई दिवसभर एकट्या."

"हो."

त्यानं वही मिटली. हा माणूस बरा होता, हे पेरुथनं पुढं कितीदा तरी मनाशी कबूल केलं. तो म्हणाला, "मग एक करा. सही करण्याआधी आईंना एकदा घेऊन या. घर त्यांना आवडतंय का ते बघा." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "फार आवडलं तर पुन्हा विचार करा."

४

रविवारी भरदुपारी तिसरी फेरी. दोन दिवस पाऊस नव्हता, ऊन मोठं होतं. काटेन्डेनं फाटकाशी नवी गोळी सोडवून तोंडात टाकली, कागद चुरगळून पायाशी फेकला. हिरवा, चकचकीत कागद. पेरुथला त्याची ही सवय आवडायची नाही.

एसेझानं चप्पल काढली. अनवाणी पाय मातीवर ठेवला, आणि चेहरा असा उजळला की पेरुथनं त्याच क्षणी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं.

चार पावलं गेल्यावर आई थांबली. अंगठ्यानं रेघ चाचपली. "घराकडे ओढत झाडलंय," ती म्हणाली. "कचरा घरात नेतं का कुणी?"

"नवशिकी असेल कुणी, जाजा," काटेन्डे आजीला म्हणावं तसं म्हणाला.

"नवशिकी नाही. हात फार जुना आहे. माझ्याहून चांगला." आणि काठी टेकत ती ओट्यावर चढली.

या खेपेला कुलूप पटकन उघडलं. काटेन्डे पेरुथला स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथं सांडपाण्याच्या नळावरून त्यांची जरा हुज्जत झाली. नळ बदलून देणार की नाही, कुणी द्यायचा, वगैरे. ते चालू असताना पेरुथच्या कानावर आईचा आवाज येत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. गावाकडच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींना भेटल्या की रामराम एका वाक्यात संपत नाही. कशा आहात, घरी कसं, शेतात कसं, पोरंबाळं कशी. प्रत्येक उत्तराला हुंकार, हुंकाराला हुंकार, आवाज हळूहळू खाली खाली येत विझतो. ते सूर पेरुथनं लहानपणापासून ऐकले होते. त्यामुळे तिला काही वेगळं वाटलंच नाही.

मग तिला आठवलं, की घरात चौथं माणूस नाही.

ती बाहेर आली. बोळाच्या टोकाला, अडसर लावलेल्या त्या खोलीसमोर, तिची आई गुडघे टेकून बसली होती. गेली सहा वर्षं एसेझा कुणासमोर गुडघे टेकू शकली नव्हती. पाद्रीबाबा घरी यायचे तेव्हाही ती खुर्चीतूनच माफी मागायची. आता ती नव्या सुनेसारखी बसली होती, हात मांडीवर, मान खाली.

"एऽऽ," आई म्हणाली. थांबली. दाराकडे कान. मग, "बरं आहे, बरं आहे." थांबली. "मुलगी आहे. एकच." थांबली. मग हलकी हसली.

त्या थांबण्यांचं माप बरोबर होतं. पेरुथला नंतर सर्वांत जास्त हेच आठवायचं. एक माणूस जेवढा वेळ बोलेल, तेवढाच वेळ आई गप्प राहत होती.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"शूऽ. बोलणं तोडू नये मोठ्यांचं."

"कोण मोठं?"

"माझ्यापेक्षा मोठ्या आहेत त्या. कितीतरी." आणि हात वर करून म्हणाली, "उठव मला."

काटेन्डे पाठोपाठ आला होता. त्यानं अडसराकडे पाहिलं, पेरुथकडे पाहिलं, आणि धंद्याचं हसू आणलं. "पत्र्याचं छप्पर आहे न्याबो, तापलं की बोलतं." त्यानं दोन्ही हातांनी अडसर धरला, आणि पहिल्या फेरीत न हललेला अडसर लोण्यासारखा सरकला.

खोली रिकामी होती. उंचावर एक गज लावलेली खिडकी, बस्स. बाकी घरभर धूळ होती. या खोलीची फरशी पुसल्यासारखी चकचकीत. आणि समोरच्या कोपऱ्यात ढीग होता. कमरेएवढा. लाल मातीचा, आंब्याच्या पानांचा, खालची पानं काळी पडून राख झालेली, वरची तपकिरी, त्याच्या वरची हिरवट. कितीतरी वर्षांचा केर, थर लावून, हातानं गोल केल्यासारखा. दोन दिवस पाऊस नव्हता, तरी त्याचा माथा ओला होता.

अगदी माथ्यावर एक हिरवा, चकचकीत, चुरगळलेला कागद होता.

काटेन्डेच्या तोंडातली गोळी दातांवर आपटल्याचा आवाज आला. त्यानं खिशात हात घातला, दुसरा हात खिशात घातला, मग दोन्ही हात बाहेर काढून बघितले. खोलीचं दार ओढून घेत तो म्हणाला, "न्याबो, किऱ्याला एक घर आहे माझ्याकडे. धूळ आहे, पण धुळीचं काय एवढं? वीस मिनिटं लागतात."

विकायला काढलेलं घर त्यानं आपणहून मागं घेतलं, असं पेरुथनं पहिल्यांदाच पाहिलं.

५

काटेन्डेनं पुढच्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. तिघं अंगणातून निघाले. आईला हात देऊन गाडीपाशी नेता नेता पेरुथ फाटकाचा आकडा लावायला वळली.

तीन माणसं आत जाऊन बाहेर आली होती. त्यांची पावलं अंगणात असायला हवी होती, आईच्या काठीच्या टोकाची भोकं असायला हवी होती. ती फाटकापाशी नव्हती. मधे नव्हती. नव्या रेघा पेरुथच्या चपलांपासून सुरू होऊन, कमानी घेत घेत, ओट्यापर्यंत गेल्या होत्या.

तिनं मान वर केली.

जे दिसलं तेवढंच सांगायचं, नसलेलं जोडायचं नाही, हे तिच्या कामाचं पहिलं शिक्षण. त्यामुळे तिनं वहीत एवढंच लिहिलं आहे: 'उंबरठ्यावर काहीतरी वाकलेलं. मातीच्या रंगाचं. उंची ओट्याच्या कठड्याहून कमी, रुंदी माणसाच्या पाठीएवढी. मागं सरकत आत गेलं. दार बंद होतं. दार उघडलं नाही.'

खाली वेळ लिहिली आहे. दुपारचे एक वाजून दहा मिनिटं.

गाडीत आई पुढच्या सीटवर बसली होती, तळपाय एकमेकांवर घासून माती काढत. "हेच घे," ती म्हणाली. "बाकी काही दाखवू नकोस मला."

"नाही, आई."

"का?"

आयुष्यात पहिल्यांदा पेरुथ एकाच फिल्मवर निर्णय देत होती, आणि ती फिल्म कुणाला दाखवण्याजोगी नव्हती. "इस्पितळापासून लांब पडतं," ती म्हणाली. काटेन्डेनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

६

ऑगस्टच्या अखेरीला त्यांनी नाल्या नावाच्या वस्तीत फ्लॅट घेतला. दुसरा मजला, खाली सिमेंटचं आवार, पाणी चोवीस तास, समोर शाळेचं मैदान. तीन फेऱ्यांत एकही सावली नाही. पेरुथ खिडकीत उभी राहून रोज एकदा स्वतःला सांगायची, की बरं झालं.

एसेझा पंधरा दिवस लेकीशी बोलली नाही. मटोके पानात तसाच ठेवायची, शेंगदाण्याचं सार नुसतं ढवळायची. "मला पेटीत ठेवलंस," एवढंच एकदा म्हणाली.

मग सप्टेंबरात ती अचानक बदलली. सकाळी स्वतः केस विंचरून बसू लागली. चांगला गोमेसी झगा काढून द्यायला सांगू लागली, तो कमरेला पट्टा बांधायचा, लग्नाकार्याचा. पेरुथ कामावर निघताना थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची, तो संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा. मोठा थर्मास आणला, तोही संपू लागला. तोंडाला चव आली म्हणायची, असं पेरुथला वाटलं. आठवड्यातून तीनदा येणारी कामवाली म्हणाली, "जाजांचं घर इतकं साफ असतं, की मला फुकटचा पगार घेतल्यासारखं होतं."

एकच गोष्ट खटकली. आंघोळ घालताना आईच्या दोन्ही गुडघ्यांवर गोल, काळसर डाग दिसले. कातडी जाड झालेली.

"गुडघे टेकतेस का गं तू?"

"प्रार्थनेला," आई म्हणाली.

"इतक्या वेळ?"

"माझ्या वयाला मागायला पुष्कळ असतं."

पेरुथनं तिला इस्पितळात नेऊन फिल्म काढली. समोरून, बाजूनं. हाडांची जुनी झीज, दुसरं काही नाही. तिनं गुडघ्यांखाली घ्यायला एक उशी शिवून दिली. त्या महिन्यात त्या दोघी जितक्या हसल्या तितक्या बापाच्या मरणानंतर कधी हसल्या नव्हत्या, आणि पेरुथनं नाकासोझीची वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली.

७

नोव्हेंबरात एका बाईचा फोन आला. आवाज शाळामास्तरणीचा, शब्द तोडून बोलणारा. नाव आदेके. सोरोटीकडची, बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नाकासोझीच्या चेअरमनच्या वहीत तिला पेरुथचा नंबर सापडला होता.

"ते घर तुम्ही का नाही घेतलं, एवढंच विचारायचं होतं. इस्पितळापासून लांब, असं दलाल म्हणाला. इस्पितळ तर तिथून जवळ आहे."

पेरुथ एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीबाहेर उभी होती. रांगेत अकरा माणसं. खोटं बोलणं सोपं होतं, ते तयारच होतं. पण तिनं सगळं सांगितलं. रेघा, पाऊस, ढीग, कागद, उंबरठा. आईचं बोलणंही सांगितलं. एवढं सलग ती कुणाशी कधी बोलली नव्हती.



"मी तीन वेळा जाऊन आले," आदेके म्हणाली. "माझीही पावलं पुसली गेली. पहिल्या दिवशी पळत सुटले. दुसऱ्या दिवशी परत गेले, पुन्हा पुसतात का बघायला."

"मग?"

"पुसली. बाई, तुम्हाला आई आहे. माझं सोरोटीला कुणी उरलं नाही. इथं या शहरात माझ्या खोलीचं दार शेवटचं कुणी वाजवलं ते मला आठवत नाही. माझ्यामागं कुणी झाडतंय, म्हणजे मी येऊन गेले हे कुणाला तरी कळलं ना?"

"घेऊ नका ते घर," पेरुथ म्हणाली.

"का? तुमचं काही वाईट झालं?"

पेरुथनं विचार केला. "नाही."

"मग झालं तर," आदेके म्हणाली, शाळेत एखादं गणित सुटल्यावर म्हणावं तशी.

दहा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, गुरुवारी दुपारी. काल राहायला आले, म्हणाली. आवाजात लाजल्यासारखं काहीतरी होतं. सगळं छान आहे, म्हणाली. मग घाईनं, "ठेवते, चहा उकळतोय," आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी पेरुथ पाचलाच घरी आली. ऊन अजून मैदानावर होतं, पोरांचा गलका वर येत होता. आदेकेबद्दल तिनं आईला एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं, ते घर अजून कुणी घेतलं नाही असंच ती सांगत आली होती.

आई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. गोमेसी नेसलेली, केस विंचरलेले. थर्मास भरलेला होता. कप दोन होते, दोन्ही कोरडे. फरशीवर, पहिल्यांदाच, शेंगदाण्याची टरफलं पडलेली होती.

"आई? बरं नाही का?"

"गेलं ना ते घर?" एसेझा म्हणाली.

पेरुथच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? कालपासून त्या आल्या नाहीत." तिचा आवाज रडवेला नव्हता. नुसता थकलेला होता, पाहुणे गेल्यावर असतो तसा. तिनं हात पुढं करून समोरच्या खुर्चीची गादी चाचपली, नीट सारखी केली. त्याच खुर्चीवर पेरुथ रोज संध्याकाळी बसून तिला बातम्या वाचून दाखवायची.

"बस ना तू," आई म्हणाली. "आता रिकामीच आहे ती."

पेरुथ उभीच राहिली.